मीर फतहुल्ला शिराझी : तोफा, गाडीवरचे जाते आणि शेतकऱ्याचे वर्ष

(भोपाळ येथे मराठी भाषकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भोपाळच्या दक्षिणेस नर्मदा ओलांडली की हरदा जिल्ह्यात हंडिया नावाचे गाव लागते. आज तेथे नदीचा घाट, जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि पलीकडच्या तीरावर नेमावरचे सिद्धनाथाचे देऊळ एवढेच प्रवाशाच्या नजरेत भरते. परंतु मोगल अमदानीत आग्र्याहून दक्षिणेत उतरणारा राजमार्ग सिरोंजवरून येऊन याच हंडियाच्या उतारावर नर्मदा पार करी आणि पुढे बुऱ्हाणपुरास जाई. 1586 साली या ठिकाणी अकबर बादशहाच्या फौजेचा तळ पडला होता. सेनापती होता खान-ए-आझम मिर्झा अझीझ कोका, म्हणजे बादशहाचा दूधभाऊ. आणि त्याच्याबरोबर सल्लामसलतीसाठी पाठविलेला एक इराणी पंडित होता. त्याचे नाव मीर फतहुल्ला शिराझी.

तोफा आणि बंदुका यांच्या इतिहासात या गृहस्थाचे नाव अलीकडे वारंवार घेतले जाते. अनेक नळ्यांची तोफ त्याने घडविली, ही गोष्ट काही लोकप्रिय पुस्तकांतून मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तथापि त्याच्या बुद्धीतून निघालेल्या ज्या गोष्टी रणांगणावर नव्हे, तर जात्यावर, बैलाच्या खांद्यावर आणि गावच्या दप्तरात उपयोगी पडणाऱ्या होत्या, त्यांची वार्ता फारशी कोणास नसते. आजच्या विवेचनाचा विषय मुख्यत्वे याच गोष्टी आहेत. तरी आरंभ तोफांपासूनच केला पाहिजे, कारण त्यांच्याविषयीचे गैरसमज आधी दूर झालेले बरे.

फतहुल्लाचा जन्म इराणातील शिराझ येथला. तर्क, तत्त्वज्ञान, गणित, ज्योतिष, वैद्यक आणि यंत्रविद्या या सर्व शाखांत त्याने अध्ययन केले. मीर गियासुद्दीन मन्सूर या नामांकित विद्वानाच्या परंपरेतला तो होय. विजापूरच्या (आजच्या विजयपुराच्या) पहिल्या अली आदिलशहाने त्याला आग्रहाने दक्षिणेत बोलावून घेतले. म्हणजे हा मनुष्य उत्तरेत जाण्यापूर्वी काही वर्षे दख्खनच्या मातीत राहिलेला होता. तो काळ दख्खनी तोफांच्या भरभराटीचा होता. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे 1549 साली महंमद बिन हुसेन रूमी या कारागिराने ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही सुमारे 55 टन वजनाची तोफ आजही विजयपुराच्या बुरुजावर आहे. निजामशाहीतून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि 1632 साली मुरार पंडिताने ती विजापुरास आणली. ती ओढण्यास दहा हत्ती आणि चारशे बैल लागले, असे सांगतात. आकड्यांत थोडी अतिशयोक्ती असेलही. पण एवढे अवजड धूड घाटरस्त्याने नेणे म्हणजे काय, याची कल्पना कोणत्याही गाडीवानास सहज येईल. अशी तोफ बुरुजावर बसली की शोभते. फौजेबरोबर ती चालू मात्र शकत नाही.

1580 साली अली आदिलशहाचा खून झाला, गादीवर अल्पवयीन इब्राहिम बसला आणि विजापूरच्या दरबारात सत्तेची झटापट सुरू झाली. अशा वेळी अकबराचे बोलावणे आले आणि 1583 साली फतहुल्ला फत्तेपूर शिक्रीस पोहोचला. दरबारात त्याचे स्वागत मोठ्या इतमामाने झाले. पुढच्या सहा वर्षांतच त्याचे सगळे कार्य घडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त तोफखान्याविषयी जी प्रकरणे आहेत, त्यांत तीन नव्या करामती नोंदविल्या आहेत. पहिली अशी तोफ, की जिचे भाग कूच करताना सुटे करावेत आणि मुक्कामी पुन्हा जुळवावेत. मलिक-ए-मैदानसारख्या तोफेच्या नेमके उलट हे तत्त्व होय. दुसरी करामत म्हणजे सतरा नळ्या अशा रीतीने एकत्र जोडलेल्या, की एकाच वातीने त्या सर्व एकदम उडाव्यात. तिसरी म्हणजे वजनाप्रमाणे केलेल्या हलक्या तोफा : एका हत्तीने वाहून न्यावी ती गजनाळ आणि एका माणसाने न्यावी ती नरनाळ. मराठी बखरींतून आणि कागदपत्रांतून ज्या सुतरनाळा, जेजाला आणि जंबुरे वारंवार भेटतात, ती याच कुळातली मंडळी.

या सतरा नळ्यांच्या तोफेला कोणी ‘जगातील पहिली मशीनगन’ म्हणतात. हे म्हणणे टिकणारे नाही. मशीनगनमध्ये एकच यंत्र आपोआप पुन्हा पुन्हा भरले जाते आणि उडते. येथे सतरा नळ्या एकदा उडाल्या की प्रत्येकीत पुन्हा दारू घालणे, गोळी सोडणे, गजाने ठासणे, कान्यावर रंजक टाकणे हा सारा सोपस्कार सतरा वेळा करावा लागणार. अनेक नळ्या एका चौकटीवर बसवून एकदम उडविण्याची कल्पना युरोपात चौदाव्या शतकापासून चालत आलेली होती आणि लिओनार्दो दा विंचीच्या कागदांतही तशी रेखाटने आहेत. तेव्हा ‘पहिली’ या शब्दाचा मोह सोडलेला बरा. फतहुल्लाची थोरवी त्यावर अवलंबून नाही.

थोरवी कोठे आहे, ते बंदुकीच्या नळीच्या साफसफाईत दिसते. बंदूक घडविण्यात सर्वांत कष्टाचे काम नळी ओढण्याचे नव्हे, तर तिचा आतला पोकळ भाग घासून गुळगुळीत व सरळ करण्याचे असे. पूर्वी लोखंडी पत्रा वाकवून त्याच्या दोन कडा जोडीत. तो सांधा कमकुवत राही आणि नळी फुटे. पुढे लोखंडाची पट्टी कागदाच्या सुरळीसारखी तिरपी गुंडाळून, विस्तवात तापवून, वळशावर वळसा बसविण्याची रीत आली. त्यामुळे सांधा एका रेषेत न राहता नळीभोवती फिरत गेला. आधी नळीत चौथ्या हिश्शापेक्षा अधिक दारू भरणे धोक्याचे होते, आता काठोकाठ भरली तरी नळी फुटत नाही, असे आईनकार लिहितो. फुटकी नळी म्हणजे समोरचा शत्रू नव्हे, तर बंदूक धरणारा शिपाई मरणार. म्हणून या सुधारणेचे मोल मोठे आहे. परंतु अशी नळी झाली तरी आतून ती खडबडीतच राही. एक दांडगा मनुष्य लोखंडी हत्यार घेऊन एकेक नळी तासन्‌तास घाशी.

या कामासाठी एक चक्र तयार करण्यात आले. त्याला बैल जुंपावयाचा. बैल गोल फिरू लागला की मोठे चक्र फिरे, त्याच्या योगाने नळ्यांत घातलेली हत्यारे फिरत आणि थोड्या वेळात सोळा नळ्या साफ होत. तेलघाणा किंवा रहाटगाडगे ज्याने पाहिले आहे त्याला हे यंत्र समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बैलाची संथ, एकसारखी गोल चाल दातेरी चाकांच्या साहाय्याने अनेक लहान फिरत्या दांड्यांत वाटून द्यावयाची, एवढेच त्यातले मर्म. रहाटाचा बैल पाणी चढवितो, घाण्याचा बैल तेल गाळतो. फतहुल्लाच्या कारखान्यातला बैल बंदुका घाशी. खेड्यातील ओळखीची शक्ती कारखान्यात आणण्याचे हे एक लवकरचे उदाहरण होय, आणि सतरा नळ्यांच्या तोफेपेक्षा ते अधिक मोलाचे आहे असेच म्हणावे लागते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. आईन-ए-अकबरी या सर्व युक्त्यांचे श्रेय थेट बादशहाला देते. फतहुल्लाचे नाव त्या प्रकरणांत नाही. मग ते आले कोठून? त्याच काळातला दुसरा इतिहासकार निजामुद्दीन अहमद याने ‘तबकात-ए-अकबरी’त विद्वानांची माहिती देताना फतहुल्लाबद्दल लिहिले आहे की, त्याने गाडीवर चालणारे जाते केले, जवळून व दुरून चमत्कारिक आकृती दाखविणारा एक आरसा केला आणि एकाच चक्राने बारा बंदुका साफ करणारे यंत्र केले. एकाकडे बारा, दुसऱ्याकडे सोळा. परंतु यंत्र तेच, हे उघड आहे. दरबारी लेखकाने दरबाराच्या रीतीप्रमाणे सर्व काही सिंहासनाच्या नावावर घातले आणि दुसऱ्याने कर्त्याचे नाव राखले. या ‘बारा’ आकड्याचाही पुढे घोटाळा झाला. बारा नळ्या साफ करणारे चक्र हीच काही लेखकांच्या हातून बारा नळ्यांची तोफ झाली! सतरा नळ्या एकत्र जोडणारा हात कोणाचा, यासंबंधी विद्वानांचा कल फतहुल्लाकडे आहे आणि तो रास्त वाटतो. पण अकबरालाही अगदी बाजूस सारणे न्यायाचे होणार नाही. कारखान्यात स्वतः जाऊन लोहारांजवळ बसणारा, बंदुकांना नावे ठेवणारा हा राजा होता. ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीने त्याने 1568 साली चितोडच्या वेढ्यात जयमलास टिपले, ही कथा प्रसिद्धच आहे. आणि हातोडा चालविणारे तर आणखी वेगळेच. त्यांच्यापैकी उस्ताद कबीर आणि हुसेन अशी दोनच नावे आईनने नोंदविली आहेत.

आता गाडीवरच्या जात्याकडे वळू. फौज चालू लागली म्हणजे तिच्या पोटाचा प्रश्न तोफेपेक्षा अवघड असतो. धान्य लमाणांच्या तांड्यांकडून बैलांच्या पाठीवर येई. पण गोणीतला गहू शिपायाला खाता येत नाही. मुक्कामावर पोहोचल्यावर जाती मांडावयाची, दळावयाचे, मग भाकरी. दिवसभर चाललेल्या माणसाला हा वेळ फार. फतहुल्लाने जाते गाडीवरच बसविले. गाडी चालू लागली की तिच्या चाकांबरोबर आख फिरे, आखाची गती दातेऱ्यांतून जात्याच्या वरच्या तळीला मिळे आणि वाटेनेच पीठ पडे. बैल एकच, तो गाडीही ओढतो आणि दळणही दळतो. आपल्या बैलगाडीत आख स्थिर असतो व चाक त्याभोवती फिरते, हे येथे आठवावे. जाते चालवावयाचे तर फिरणाऱ्या चाकालाच काही जोड द्यावी लागणार, आणि खाचखळग्यांच्या वाटेवर दोन दातेऱ्यांची पकड सुटू द्यावयाची नाही. सुताराला विचारल्यास हे काम किती नाजूक आहे ते तो सांगेल.

आईन-ए-अकबरीत याच जातीची आणखी एक सोय वर्णिलेली आहे : विहिरीवर जुंपलेल्या बैलांच्या एकाच फेऱ्यांतून पाणीही चढावे आणि जातेही फिरावे. हत्तीने ओढावयाच्या एका प्रचंड गाडीत स्नानगृहे बसविल्याचीही हकीकत आहे. तो मात्र राजेशाही थाट. आपल्याला त्याचे प्रयोजन नाही.

नवरोजच्या उत्सवात दरबारातले मानकरी आपापली दालने सजवीत. कोणी जडजवाहीर मांडी, कोणी गालिचे. फतहुल्लाच्या दालनात जड ओझी ओढण्याची व उचलण्याची यंत्रे होती, असा बदायुनीच्या इतिहासात निर्देश आहे. जड वस्तू हलविण्याचे शास्त्र ही अरबी-फारसी यंत्रविद्येची एक मान्य शाखाच होती. भोपाळकरांना तिचे महत्त्व सांगावयास नको. येथून जवळच भोजपूरला परमार भोजराजाचे अपुरे राहिलेले शिवालय उभे आहे. त्याच्या मागील बाजूस प्रचंड शिळा वर चढविण्यासाठी केलेली मातीची उतरण आजही दिसते आणि भोवतीच्या खडकांवर देवळाच्या भागांचे आराखडे कोरलेले आहेत. त्याच भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगण सूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांना वाहिलेला एक स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे इराणातून आलेली विद्या काही ओसाड भूमीवर उतरली नव्हती.

परंतु फतहुल्लाची सर्वांत दूरवर पोहोचलेली कृती लोखंडाची नव्हती, लाकडाचीही नव्हती. ती कालगणना होती. येथे शिक्षक आणि महसूल खात्यातील मंडळी यांनी विशेष लक्ष द्यावे.

मोगल दरबाराचे कागद हिजरी सनाने चालत. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, सुमारे 354 दिवसांचे. सौर वर्ष 365 दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. आपल्या पंचांगातही महिने चांद्रच आहेत, परंतु आपण अधिक मास घालून तो फरक भरून काढतो. म्हणून चैत्र पावसाळ्यात येत नाही आणि दिवाळी उन्हाळ्यात येत नाही. हिजरी सनात अधिक मास नाही. त्यामुळे सुमारे बत्तीस सौर वर्षांत तेहतीस हिजरी वर्षे भरतात. पीक मात्र सूर्यावर आणि पावसावर येते. त्याला बत्तीसच हंगाम मिळतात. सारा हिजरी वर्षाने आकारावयाचा म्हटल्यास शेतकऱ्याने बत्तीस पिकांच्या उत्पन्नातून तेहतीस वर्षांचा सारा द्यावयाचा! हा अन्याय अबुल फझलने स्पष्ट शब्दांत मांडला आहे. त्याने हिशेब तीस व एकतीस असा ठोकळ धरला आहे, पण मुद्दा तोच. कागदावरचे एक वर्ष शेतात कधी उगवलेलेच नसते आणि तरीही त्याची बाकी मात्र राहते.

दुसरी अडचण अशी की, देशात सनांचा बाजार भरला होता. 1584 च्या फर्मानातच त्याची यादी आहे : बंगाल्यात लक्ष्मण सेनाचा शक, गुजरात व दख्खनमध्ये शालिवाहन शक 1506, माळवा व दिल्लीकडे विक्रम संवत 1641. आज या सभेत बसलेल्या मराठी मंडळींच्या घरी शालिवाहन शक आणि शेजारच्या माळवी घरी विक्रम संवत चालतो. ही स्थिती तेव्हाही तशीच होती.

या प्रश्नाची उकल करण्याचे काम फतहुल्लाकडे सोपविण्यात आले. त्याने ‘तारीख-ए-इलाही’ बसविली. वर्ष सौर; प्रारंभ वसंतसंपाताला, म्हणजे नवरोजला; गणना अकबराच्या राज्यारोहणानंतरच्या पहिल्या नवरोजपासून, मार्च 1556 पासून. महिन्यांची नावे प्राचीन इराणी. या सनाचा पुरावा आपल्या परिसरातच आहे. जानेवारी 1601 मध्ये बुऱ्हाणपुराजवळचा अशीरगड अकबराच्या हाती आला आणि त्या विजयाची ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडण्यात आली. तिच्यावर ‘असीर’ हे टांकसाळीचे नाव आहे आणि काळ दिला आहे इलाही 45, महिना इस्फंदारमुझ. गडाखाली पडलेली ही मोहोर ज्या कालगणनेने बोलते, तिचा कर्ता त्याआधीच अकरा-बारा वर्षे निवर्तलेला होता.

इलाही सन दरबारापुरता राहिला आणि काळाच्या ओघात मागे पडला. परंतु त्यामागचा विचार, म्हणजे साऱ्याचे वर्ष पिकाच्या वर्षाशी जुळले पाहिजे, हा ‘फसली’ सनाच्या रूपाने गावोगाव मुरला. फसल म्हणजे पीक. पिकाचा तो फसली. हिजरी 963 हा आकडा तसाच घेऊन तेथून पुढे सौर मापाने मोजावयाचे, ही उत्तरेकडील युक्ती. बंगाली सनाचा उगमही अनेक अभ्यासक याच सुधारणेत पाहतात, आणि आकडा जुळतो : 1556 ते 2020 ही 464 वर्षे 963 मध्ये मिळविली की 1427, आणि एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेले बंगाली वर्ष 1427 हेच होते. दख्खनमध्ये फसली सन शहाजहानच्या काळात, 1636 साली, हिजरी 1046 हा आकडा घेऊन सुरू झाला. म्हणून दख्खनी आणि उत्तरेकडील फसलीत दोन-अडीच वर्षांचे अंतर पडते. महाराष्ट्रात त्याही पूर्वीपासून शुहूर किंवा अरबी सन चालत होता. तो सूर्य मृगात शिरला की बदले, म्हणून त्याला ‘मृगसाल’ म्हणत. शिवकालीन व पेशवाई कागद त्याने भरलेले आहेत. शेतकऱ्याचे वर्ष मृगापासून धरावे ही समज इकडे आधीपासूनच होती, हे यावरून दिसते आणि फतहुल्लाने विजापुरात असताना हे कागद पाहिले नसतील असे मानणे कठीण आहे.

मराठवाड्यातील तलाठ्यांना आणि जुन्या घराण्यांना फसली सन परका नाही. हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या काळातील खासरे, सनदा, शाळांची दाखलपत्रके यांवर फसली वर्ष असते आणि महिने असतात आझूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी वगैरे. म्हणजे इलाही सनाचेच इराणी महिने. हे वर्ष ऑक्टोबरात आझूर महिन्याने सुरू होई. अशा कागदावरील फसली आकड्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी 590 आणि जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी 591 मिळविले की इसवी साल मिळते. उदाहरणार्थ, सप्टेंबर 1948 मधील हैदराबादच्या पोलीस कारवाईच्या वेळी फसली 1357 चालू होते. 2023 साली मराठवाड्यातील निजामकालीन महसुली व शैक्षणिक कागदांची मोठी तपासणी सुरू झाली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची निकड सर्वांना जाणवली. लिपी वाचता आली तरी तारीख उलगडली नाही, तर कागद अर्धाच वाचला जातो. आजोबांचा जन्म, शेताची वहिवाट, वारसाची नोंद यांचा निर्णय कित्येकदा या एका आकड्यावर थांबलेला असतो.

महसुलाच्या कामात फतहुल्लाचा हात याहूनही खोल होता. 1585 साली त्याला ‘अमीन-उल-मुल्क’ नेमण्यात आले आणि राजा तोडरमलाने हिशेबाची कामे त्याच्या सल्ल्याने चालवावीत असा हुकूम झाला. मुजफ्फरखानाच्या दिवाणगिरीपासून जुन्या बाक्यांचा गुंता तसाच पडून होता. दप्तरातले कारकून गावाची आकारणी अंदाजाने फुगवीत आणि वसुली तेवढी झाली नाही की तूट आमिलाच्या नावावर टाकीत. आमिल ती कोणाकडून काढी, हे सांगण्याची गरज नाही. वरच्या दप्तरातील अंदाजावर न विसंबता गावच्या पटवाऱ्याच्या कच्च्या कागदाशी ताळा घ्यावा, या दिशेने फतहुल्लाने सुधारणा सुचविल्या आणि त्या मान्य झाल्या. बंदुकीच्या नळीत आतून खडबड राहू न देणारी हीच दृष्टी हिशेबातही दिसते. तोडरमलाची कीर्ती सर्वतोमुखी आहे; त्याच्या शेजारी बसून कागद तपासणारा हा सोबती मात्र विस्मरणात गेला.

ज्योतिषाचे एक काम येथे नोंदविले पाहिजे. समरकंदच्या उलुगबेगाने तयार केलेल्या ग्रहगणिताच्या कोष्टकांचा काही भाग फारसीतून भारतीय भाषेत उतरविण्यात आला. त्या कामावर देखरेख फतहुल्लाची होती आणि त्याच्याबरोबर किशन जोशी, गंगाधर व महेश महानंद हे पंडित बसले होते. शिराझचा मीर आणि इकडचे जोशी एका कोष्टकावर डोके घालून बसलेले आहेत, हे चित्र मोठे रम्य आहे.

शिक्षक म्हणून हा विद्वान कसा होता? बदायुनी हा त्याचा समकालीन. जिभेने तिखट आणि फतहुल्लाच्या शिया पंथाबद्दल मनात अढी बाळगणारा. तेव्हा त्याची साक्ष थोडी जपूनच घ्यावी. तो लिहितो की, एरवी अत्यंत नम्र व सौजन्यशील असणारा हा मनुष्य शिकवावयास बसला की शिष्यांना अपशब्दांशिवाय बोलत नसे. त्यामुळे त्याच्याकडे फार थोडे जात आणि नावाजण्यासारखा शिष्य त्याच्या हातून निघाला नाही. त्याच बदायुनीने दुसरीही गोष्ट दिली आहे. सरदारांच्या घरी रोज जाऊन सात-आठ वर्षांच्या, किंबहुना त्याहूनही लहान मुलांना हा साम्राज्याचा मोठा अधिकारी अक्षरे, नुक्ते आणि वळणे गिरवावयास शिकवी. आणि शिकारीच्या वेळी खांद्यावर बंदूक टाकून, कमरेला दारूची थैली बांधून बादशहाच्या रिकिबीबरोबर धावे. बदायुनीला हे विद्वत्तेला कमीपणा आणणारे वाटले. आजच्या वाचकाला तसे वाटेलच असे नाही. शिष्यांविषयीचे त्याचे विधानही पूर्णपणे खरे ठरले नाही. फतहुल्लाने इराणी तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ हिंदुस्थानच्या अभ्यासक्रमात आणले, आणि त्याच्या शिष्यपरंपरेतून ते लखनौच्या फिरंगी महालापर्यंत पोहोचून अठराव्या शतकातील ‘दर्स-ए-निजामी’ या प्रसिद्ध पाठ्यक्रमात स्थिरावले.

पुन्हा हंडियाच्या तळावर येऊ. दख्खनच्या स्वारीसाठी त्याची निवड होण्याचे कारण उघड होते. दक्षिणचे दरबार त्याच्या परिचयाचे होते. पण अझीझ कोका आणि माळव्यातील दुसरा सरदार शहाबुद्दीन अहमद यांचे पटेना. फतहुल्लाने समेटाचे प्रयत्न केले, तर अझीझ कोकाने त्याचाच पाणउतारा केला. खानदेशच्या राजा अलीखानाकडे तो बोलणी करावयास गेला, तेही निष्फळ ठरले. इकडे अझीझ कोका वऱ्हाडात शिरला, एलिचपूर (आजचे अचलपूर) त्याने लुटले आणि पाठलाग सुरू होताच नंदुरबारच्या वाटेने गुजरातेत निघून गेला. एलिचपूर लुटले गेले तो दिवस नवरोजचा, म्हणजे फतहुल्लाने बसविलेल्या सनाचा वर्षारंभ होता. यंत्रांचे दाते जुळविणाऱ्याला माणसांचे दाते जुळविता आले नाहीत. विषण्ण होऊन तोही गुजरातेत खान-ए-खानानकडे गेला आणि तेथून दरबारी परतला.

1589 साली अकबर काश्मिरास गेला, तेव्हा फतहुल्ला बरोबर होता. तेथे त्याला ताप आला. स्वतः वैद्य असल्यामुळे त्याने आपला उपचार आपणच ठरविला : हरीसा, म्हणजे गहू आणि मांस एकत्र शिजवून केलेले जड अन्न. हकीम अलीने पुष्कळ मना केले. त्याने ऐकले नाही, आणि त्यातच त्याचा अंत झाला, असे बदायुनी सांगतो. अकबराला अतिशय दुःख झाले. हा माणूस फिरंग्यांच्या हाती सापडला असता आणि त्यांनी सारा खजिना मागितला असता, तरी तो सौदा आपण स्वस्त समजलो असतो, अशा आशयाचे उद्गार त्याने काढल्याचे अबुल फझलने नमूद केले आहे. राजकवी फैजीने शोककाव्य लिहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लाहोरास राजा तोडरमलही वारला.

फतहुल्लाचे दफन श्रीनगरजवळच्या तख्त-ए-सुलेमान टेकडीवर करण्यात आले; तीच टेकडी, जिच्या माथ्यावर शंकराचार्यांचे म्हणून ओळखले जाणारे प्राचीन शिवालय आहे.